चारही चाकांची ताकद

आमच्या ह्यांनी गाडी घेतली तेव्हा शोरूममधला पोरगा तासभर बोलत होता. आतलं लाकूड कसलं, सीटचं कातडं कसलं, गाणी किती ठिकाणांहून वाजतात. ह्यांनी त्यातलं एकच वाक्य उचललं, ते म्हणजे चारही चाकांना ताकद आहे. घरी येईपर्यंत त्याचीच उजळणी. "उज्वला, चारी चाकं ओढत्यात. आता कुटं बी जा." जन्मभर भातखाचरात ट्रॅक्टर रुतवून घेतलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार?

खरं तर ती गुळगुळीत रस्त्यावर मिरवायची गाडी. पोट इतकं खाली की सोसायटीच्या गतिरोधकावरून नेतानाही मी श्वास रोखून धरते. पण हौसेला मोल नाही म्हणतात, आणि हौस तर ह्यांना दांडगी.

महाळुंग्यातली आमची जमीन गेली आणि त्याच जमिनीवर जी इमारत झाली तिच्या चौदाव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. आमच्या विहिरीच्या जागी आता पोहायचा तलाव आहे. त्यात कोणी पोहत नाही, लोक कडेला बसून फोन बघतात. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत आणि सामान पोचवणाऱ्या पोरांशिवाय एकाही दाराची बेल कोणी वाजवत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. छातीत कळ आली तेव्हा मीच त्यांना ह्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. गाडीनं काही कमी केलं नाही, पण पोचलो तेव्हा उशीर झाला होता. हे कधी पट्टा लावायचे नाहीत आणि गाडी टुंग टुंग करत राहायची. "हिला माजी लई काळजी," असं म्हणून हसायचे. त्या दिवशीही ती सगळी वाट टुंग टुंग करत होती. त्यानंतर माझ्या शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही, आणि तो आवाजही मी ऐकला नाही.

मुलगा सौरभ कॅनडात असतो. दर रविवारी फोन करतो आणि हल्ली त्याची दोनच कलमं असतात, गाडी विक आणि घोटावड्याचं रान विक. "आई, एकटीला तुला एवढी मोठी गाडी कशाला? आणि ते रान तरी कशाला? तिथं आता सगळ्या कंपन्याच आहेत." पोरगा वाईट नाही. लांबून सगळं सोपं दिसतं, एवढंच. गाडीचं मी हसण्यावारी नेते. रानाचं मात्र ठणकावून सांगितलं होतं, की जोवर वाडा येतोय तोवर रान विकायचं नाही.

वाडा म्हणजे म्हसू धनगराचा मेंढरांचा कळप आणि त्याचं बिऱ्हाड. भाताची कापणी झाली की म्हसू, त्याची बायको राजाबाई आणि मुलगा सिद्धनाथ मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरायला निघतात, आणि वाटेत आमच्या घोटावड्याच्या रानात तीन रात्री मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य आणि टेकायला जागा. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून हे चालत आलंय.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. राजाबाई बोलली. पहिल्याच वर्षी तिनं मला चुलीपाशी बसवून विचारलं, "रडू येतंया का, बाई?" मी म्हटलं, येतं. "मग रडा की. मेंढरांच्या कालव्यात कुनाला ऐकू यायचं न्हाई." तेव्हापासून वर्षभराचं सगळं मी त्या तीन दिवसांसाठी साठवून ठेवते. ह्यांच्या जाण्याचंसुद्धा मी पोटभर रडले ते तिच्याचपाशी.

यंदाही मी आधीपासून तयारीला लागले होते. बाजरी दळून आणली, गुळाची ढेप घेतली, राजाबाईला हिरवं लुगडं घेतलं आणि सगळं गाडीच्या डिकीत भरून ठेवलं. म्हसू येण्याआधी सिद्धनाथच्या फोनवरून एक मिस कॉल देतो, की मी निघते. मिस कॉल आला नाही. त्याऐवजी एका सकाळी भिकूचा फोन आला. भिकू आमच्या रानाचा वाटेकरी.

"वैनी, म्हसूचा वाडा म्होरं गेला. काल पौडात व्हता, आज मुळशीच्या पल्याड गेला."

"आणि आपल्या रानात कवा आले?"

"रानात न्हाईच आले. आता त्याचं काय झालं, वैनी—"

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही, फोन आपटला. माझा हा स्वभावच आहे. वाईट बातमी मी अर्धीच ऐकते आणि उरलेली अर्धी पदरचीच घालते. मालक गेले, आता ह्या एकट्या बाईकडे कशाला थांबायचं, असं त्यांना वाटलं असणार. तीस वर्षांची ओळख आणि साधा निरोप नाही! मी चपला घातल्या आणि खाली आले. राजाबाईच्या तोंडावर विचारायचं, पुढच्या वर्षी येणार की नाही. नाही म्हणाली तर त्याच जागेवरून सौरभला सांगायचं, विक. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष.

पिरंगुट, पौड मागे पडलं. आदल्या संध्याकाळी अवकाळी सर पडून गेली होती आणि हवेत गारवा होता. मुळशीच्या धरणाकडेनं रस्ता चढू-उतरू लागला तशी मला रस्त्यावर ओळखीची खूण दिसायला लागली. लेंड्या. आधी सुकलेल्या, मग ताज्या. कुंपणाच्या काट्यांना लोकरीचे पुंजके. वाडा जवळच होता. माझा पाय आपोआप खाली गेला.

इथं एक सांगायला हवं. गाडी घेतल्यावर कंपनीनं सगळ्या मालकांना एका मैदानावर बोलावलं होतं, गाडीची हद्द कुठं संपते ते दाखवायला. किमया नावाची सडसडीत मुलगी शिकवत होती. प्लास्टिक अंथरून त्यावर साबणाचं पाणी सोडलेलं, आणि त्यावरून गाडी वळवायची. ह्यांनी ऐटीत वळवली. गाडीनं स्टिअरिंगला भीक घातली नाही, ती नाकासमोर सरळ गेली आणि सगळे उभे केलेले कोन आडवे करून थांबली. हे लाल झाले. म्हणाले, "चारी चाकं ओढतायत ना?"

"काका, ओढतात ना," किमया म्हणाली. "म्हणून निघताना ही गाडी कुठंच अडायची नाही. पण वळायला आणि थांबायला ताकद कामाची नाही, पकड लागते. एका चाकाखाली तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकते. ती जागा निसटली की चार चाकं काय नि दोन काय. अशा वेळी पाय उचलायचा, स्टिअरिंग थोडं सैल सोडायचं आणि टायरला परत धरू द्यायचं."

परतताना हे गाडीत फुरंगटून बसले होते. "त्या पोरीनं कदी खाचरात ट्रॅक्टर घातलाय? चिखलात पाय उचलला की मेलास. दाबूनच काडायचा." आणि मला ते पटलं होतं, कारण ह्यांची पाठ धरली होती त्या दोन पावसाळ्यांत चिखलणीचा ट्रॅक्टर मीच चालवला होता. माझ्या पायाला तीच सवय आहे. रुततंय असं वाटलं की दाब.

धरणाच्या पल्याड, ताम्हिणीच्या अलीकडे, एक उजवं वळण लागलं. डावीकडे डोंगर आणि त्याच्या पायथ्याला पाण्याचा चर. वळणावर रस्ता लाल होता. शेजारच्या ओल्या खाचरातून मेंढरं रस्त्यावर चढली होती आणि शेकडो खुरांनी रानातला चिखल डांबरावर आणून लिंपला होता. मी स्टिअरिंग वळवलं. गाडी वळली नाही. हाताला काही लागेचना, नुसतं लोण्यात सुरी फिरवल्यासारखं. चिखल दिसला आणि माझ्या पायानं डोक्याला न विचारता जे जन्मभर केलं तेच केलं. दाबला. चारही चाकांनी जोर केला आणि चौघांनी मिळून मला सरळ चरात नेलं.

मोठा आवाज झाला नाही. नाक चरात, पोट चराच्या काठावर, मागचं एक चाक हवेत. पुन्हा दाबून पाहिलं. गाडी आतल्या आत घुरघुरली, एक चाक सोडून दुसऱ्याला जोर देऊन पाहिला, तिसऱ्याला देऊन पाहिला. टेकायलाच जागा नव्हती तर ती तरी काय करणार. मी इंजिन बंद केलं. काच खाली केली तेव्हा वळणाच्या पुढून घंटांचा आवाज येत होता, आणि तो हळूहळू लांब जात होता.

मला त्या क्षणी ह्यांचा भयंकर राग आला. कुटं बी जा म्हणाले होते. मी हॉर्नवर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला.

वळणावरून एक बाई मागे येताना दिसली. कमरेत थोडी वाकलेली, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. कळपाच्या सगळ्यात मागे चालायचं काम राजाबाईचं असतं, मागे पडलेलं लंगडं, आजारी गोळा करत. तिनं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, अडलेल्या गाईला बघावं तशी. मग काचेशी आली.

"उज्वलाबाई? लागलं का कुटं?"

"न्हाई."

"मग रडताय कशापायी?"

मी रडतेय हे मला कळलंच नव्हतं. "तू माज्या रानावरनं न थांबता गेलीस," मी म्हटलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि आवाज सहा वर्षांच्या पोरीचा निघाला.

राजाबाईनं काखेतलं कोकरू काचेपाशी पुढे केलं. "आदी आत तर घ्या," ती म्हणाली. "कोकरू गारठलंय."

वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामावर एक जेसीबी होता. त्याच्या ड्रायव्हरनं लांबूनच हात करून सांगितलं होतं, जेवण झालं की येतो. तेवढा वेळ आमच्याकडे होता. राजाबाई पलीकडून दार उघडून आत आली, कोकरू मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर टेकली. तिला ऊब लागावी म्हणून मी गाडी चालू केली आणि सीट गरम करायचं बटण दाबलं.

आणि गाडी टुंग टुंग करायला लागली.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिला शेजारी माणूस लागलं होतं.

"काय म्हनतीया ही?" राजाबाईनं विचारलं.

"तुजी काळजी करतीया," मी म्हटलं. तिच्या अंगावरून हात नेऊन पट्टा ओढला आणि खटका लावला. आवाज थांबला. राजाबाईनं सीटखाली हात घालून पाहिलं. "ह्यात चूल घातलीया व्हय?" कोकरानं डोळे मिटले. मला हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. तिच्यापाशी माझं हे असंच होतं.

"आता सांग," मी म्हटलं. "का न्हाई थांबलीस?"

"तुमी रानात जाता कुटनं?"

"शेजारच्या कंपनीच्या फाटकातनं. डांबरी हाय की आत."

"फाटक कोन उघडतं?"

"वॉचमन. गाडी दिसली की पळत येतो, सलाम ठोकतो."

"आन आमी यायचो कुटनं?"

ते यायचे ओढ्याकडेच्या पाणंदीनं, एक बैलगाडी जेमतेम जाईल अशा जुन्या वाटेनं. ह्या पावसाळ्यात कंपनीनं नवी शेड बांधली आणि तिची भिंत थेट ओढ्यात उतरवली. ती भिंत मी पाहिली होती. कापणीच्या दिवशी तिच्या सावलीत गाडी लावली होती. तिच्याखाली पाणंद गेली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला पाणंद लागतच नव्हती.

"आलो व्हतो आमी," राजाबाई म्हणाली. "वाट न्हाई दिसली तवा सगळी मेंढरं घिऊन फाटकावर उबं ऱ्हायलो. वॉचमन म्हनला, गाडी सोडतो, मेंढरं न्हाई सोडायची. तुमचं नाव सांगितलं. म्हनला, म्याडमला फोन लावा."

"मग लावायचा न्हाई का?"

"सिद्धा लावत व्हता. ह्यांनी नगं म्हनलं. म्हनले, उज्वलाबाई पळत यील, भांडंल, फाटक उघडून घील. यंदा घील. म्होरल्या साली? दर साली तिनं भांडायचं आन आमी मेंढरं बसवायची व्हय? एकली बाई हाय."

"मी भांडले असते."

"म्हाईत हाय. म्हनून तर न्हाई लावला."

बाहेर ऊन आलं होतं आणि धरणाचं पाणी चमकत होतं. मी म्हटलं, "राजाबाई, मी ते रान तुज्यासाठी ठिवलंय. पोराशी वाकडं घिऊन. न्हाईतर कवाच गेलं असतं."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. कोकराच्या कानामागे खाजवत राहिली. "उज्वलाबाई, सरळ वाट पौडावरनं हाय. घोटावडं आडवाटंला. दर साली आमी वाट वाकडी करून यायचो. आन खताला तीन रातींचं काय काम? एवड्याशा रानाला एक रात बास व्हती."

मला हे तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी रान ठेवलं होतं तिच्यासाठी, आणि ती वाट वाकडी करत होती माझ्यासाठी, आणि दोघीही खताचं नाव पुढे करत होतो. आमची टेकायची जागा तळहाताएवढीच होती, तीन रात्रींची. ती आता भिंतीखाली गेली होती.

"घरी ये मग," मी म्हटलं. "महाळुंग्याला. लिफ्ट हाय."

"आन मेंढरं?"

"मेंढरं पोहायच्या तलावावर."

राजाबाई हसली, तोंडाला पदर लावून, खूप वेळ हसली. मग डोळे पुसले. तेवढ्यात जेसीबीची घरघर जवळ आली. ती दचकून पुढे बघायला लागली. घंटांचा आवाज केव्हाच थांबला होता. "जाते. कळप घाटात उतरंल. ह्यांचं गुडघं धड न्हाईत, मागं कोन न्हाई."

"थांब, पट्टा सोडते," मी म्हणेपर्यंत तिनं कोकरू छातीशी धरलं, पट्ट्याखालून खांदा काढला, मग डोकं, आणि सुर्रकन बाहेर. उभा जन्म तारांच्या कुंपणाखालून गेलेली बाई ती, खटक्याशी तिला काय करायचंय. मी डिकी उघडली. बाजरीचं पीठ तिला पेलण्यासारखं नव्हतं. गुळाची ढेप तिनं घोंगडीत बांधली, लुगडं डोक्यावर ठेवलं.

"म्होरल्या साली पौडात थांबशील का?" मी विचारलं. "रस्त्यावर. मी यीन."

"रस्त्यावर मेंढरं थांबत्यात व्हय, बाई?" ती म्हणाली. मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि निघाली. वळणावर तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे वळून पाहायला तिच्या मागे आता मीच उरले होते.

जेसीबीनं दोर लावून गाडी रस्त्यावर ओढली. ड्रायव्हर म्हणाला, गाडी एक नंबर, म्याडम, ओरखडासुद्धा नाही. मी थोडं पुढे जाऊन गाडी फिरवली आणि परत निघाले. त्या लाल वळणावर आल्यावर पाय उचलला, हात सैल सोडला, आणि गाडी लेकरासारखी शहाणी वळली. किमयाचं बरोबर होतं. वेळ निघून गेल्यावर सगळ्यांचंच बरोबर असतं.

पौडच्या अलीकडे सौरभचा फोन आला. गाडीभर त्याचा आवाज घुमला. "आई, भिकूकाकांचा फोन आला होता. तू रागानं निघून गेलीस म्हणाले. कुठं आहेस?"

"वाटेत."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. सौरभ, घोटावड्याचं विक."

त्याला इतक्या सहज होईल असं वाटलं नसावं. जरा हलक्या आवाजात म्हणाला, "नक्की ना? म्हणजे, तू बोलू शकतेस ना आत्ता? गाडीत कोणी आहे का?"

मी शेजारी पाहिलं. सीट अजून गरम होती, तिच्यावर लोकरीचे चार पांढरे केस होते. पट्टा तसाच लावलेला होता, रिकाम्या सीटवरून आडवा, खटक्यात घट्ट. गाडी गप्प होती.

"कोणी नाही," मी म्हटलं.

घरी पोचेपर्यंत मी तो खटका काढला नाही. अजूनही काढलेला नाही.